ट्रायग्लिसराइड आणि अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती

रक्त तपासणीचा कागद हातात घेऊन येणारे बहुतेक जण आम्हाला आधी एकच विचारतात, "सिस्टर, आता तेल किती खायचं?" कागदावर ट्रायग्लिसराइडच्या समोर आकडा ठळक छापलेला असतो, बाजूला वर जाणारा बाण असतो, आणि घरातल्या कोणीतरी आधीच सांगून टाकलेले असते की भजी, मटण सोड. वाचक बंधू-भगिनींनो, हा सल्ला पुष्कळांना लागू पडतो. पण काही जणांच्या बाबतीत त्याने वर्ष वाया जाते, कारण त्यांच्या रक्तातली चरबी ताटामुळे वाढलेली नसते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटलेली असते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. मराठीत 'स्वयंप्रतिकार' असा शब्द आहे, पण दवाखान्यात डॉक्टर ऑटोइम्यून हाच शब्द वापरतात, म्हणून आम्हीही तोच ठेवतो.

आधी आकडे समजून घेऊ. दहा-बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी असावे. १५० ते १९९ म्हणजे काठावर, २०० ते ४९९ म्हणजे जास्त, ५०० च्या पुढे फारच जास्त. १००० च्या पुढे गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा होतो, त्याबद्दल पुढे सांगतो. उपाशी म्हणजे पाणी चालते, चहा चालत नाही. रात्री लग्नाचे जेवण जेवून सकाळी दिलेल्या रक्तावरून कोणालाही आजारी ठरवू नये. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे रक्त दुपारी जेवणानंतर घेतले गेले, कोणी विचारलेही नाही, आणि त्या आठवडाभर घाबरून बसल्या. पुन्हा तपासले तर आकडा १४० निघाला.

हा त्रास आपल्याकडे दुर्मीळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मधुमेहासाठी देशभर जी मोठी पाहणी केली, तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. त्या टप्प्यात तपासलेल्या लोकांत शंभरामागे जवळपास ३० जणांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते आणि ७२ जणांचे चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी होते. तेलापेक्षा भात, साखर आणि दारू हे इथले मोठे कारण. पोटात गेलेला जास्तीचा पिष्टमय पदार्थ यकृत चरबीत बदलते आणि रक्तात सोडते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि भाजी बोटभर, असे ताट असेल तर आकडा चढणारच. मोहाची असो की सरकारी परवान्याची, दारू तर थेट ट्रायग्लिसराइड वाढवते. पंचशीलातले पाचवे शील आपण वंदनेत रोज म्हणतो, त्याचा इथे वैद्यकीय अर्थही आहे. हे सगळे तपासून झाल्यावरही आकडा समजत नसेल, तेव्हा आजच्या लेखातला विषय सुरू होतो.

चरबी रक्तातून बाहेर कशी जाते, हे आपल्या राइस मिलच्या उदाहरणाने सांगतो. धानाची पोती भरलेले ट्रक येतात तशी चरबीने भरलेली कण-गाडी रक्तातून फिरते. काही गाड्या आतड्यातून निघतात, जेवणातली चरबी घेऊन. काही यकृतातून निघतात, यकृताने बनवलेली चरबी घेऊन. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर हमाल उभा असतो, तो पोती फोडून माल आत देतो. या हमालाचे नाव लायपोप्रोटीन लायपेज, थोडक्यात एलपीएल. हा हमाल आपोआप फाटकावर पोहोचत नाही. त्याला आतून उचलून भिंतीवर आणणारे आणि तिथे धरून ठेवणारे आणखी एक प्रथिन असते, त्याला जीपीआयएचबीपी-१ म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, आपण त्याला मुकादम म्हणू. इन्सुलिन आणि थायरॉईडचे हार्मोन हमालाला कामाला लावतात. या साखळीत कुठेही खोळंबा झाला की ट्रक रस्त्यावर अडकतात. रक्त इतके चरबीने भरते की नळीत ठेवल्यावर दुधासारखे दिसते. आम्ही वॉर्डात अशी नळी पाहिली आहे. नातेवाईक घाबरतात, कोणी करणीचे नाव काढते. तो शुद्ध चरबीचा रंग आहे, दुसरे काही नाही.

आता प्रतिकारशक्ती या साखळीत कुठे कुठे हात घालते ते पाहू.

सर्वात जास्त आढळणारे कारण थायरॉईडचे. प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू मंद पडते. १९१२ साली हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. थायरॉईडचे हार्मोन कमी पडले की वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलले जात नाही, आणि हमालही सुस्त होतो, म्हणून ट्रायग्लिसराइडही चढते. आम्हाला दिसणारे नेहमीचे चित्र असे: तिशी-चाळिशीतली बाई, अंग जड, केस गळतात, पाळी जास्त जाते, बद्धकोष्ठ, थंडी सहन होत नाही, आवाज घोगरा. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम होत नाही म्हणून घरचे तिला आळशी म्हणतात. लिपिड प्रोफाइल झालेले असते, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालेली असते, पण टीएसएच कोणी केलेले नसते. यात एक धोका आहे. थायरॉईड मंद असताना कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी दिली तर स्नायू दुखण्याचा, क्वचित स्नायूंना इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणून ट्रायग्लिसराइड किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रत्येक बाईने डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "माझे टीएसएच झाले का?"

थायरॉईडची गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. अशक्तपणासाठी मिळणारी लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉईडची गोळी पोटात नीट शोषली जात नाही. गरोदर बायकांना या तिन्ही गोळ्या एकदम मिळतात आणि पुष्कळजणी एकाच घोटात तिन्ही गिळतात. आशाताईंनी घरभेटीत हे जरूर तपासावे. गोळीचा डोस बरोबर बसला की काही महिन्यांत चरबीचा आकडाही उतरतो, वेगळी गोळी लागेलच असे नाही.

दुसरे कारण टाइप १ मधुमेह. यात प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. हा आजार बहुधा लहान मुलांना आणि तरुणांना होतो, पण कोणत्याही वयात होऊ शकतो. इन्सुलिन नसले की हमाल काम करत नाही, आणि दुसरीकडे शरीरातली साठवलेली चरबी विरघळून यकृताकडे धावते. साखर खूप वाढलेल्या अवस्थेत दवाखान्यात आलेल्या अशा मुलाचे रक्त कधीकधी पांढरट दिसते. इन्सुलिन सुरू झाले की ते काही दिवसांत स्वच्छ होते. आपल्या वस्तीत एक गोष्ट वारंवार होते: बारीक अंगाचा तरुण, वजन भराभर घटते, सारखी तहान आणि लघवी, आणि त्याला 'शुगर आहे' म्हणून नुसत्या गोळ्या मिळतात. गोळ्यांनी साखर उतरत नाही, ट्रायग्लिसराइड उतरत नाही. अशा वेळी हा टाइप १ तर नाही ना, हे तपासायलाच हवे, कारण त्याला इन्सुलिनशिवाय दुसरा उपाय नाही.

इथे आपल्या जिल्ह्यापुरती एक महत्त्वाची गोष्ट. विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेषतः, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए-१सी ही तपासणी सिकलसेलच्या रुग्णात खोटा कमी आकडा देऊ शकते, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात. सिकलसेलचा कागद घरात असेल तर तो लपवू नका, शुगर तपासताना दाखवा. डॉक्टर मग उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भर देतील. सिकलसेलचा वाहक असलात तरी सांगा, कारण तपासणीच्या काही पद्धतींत वाहकाचाही आकडा चुकतो.

तिसरे कारण ल्युपस, पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमाटोसस, एसएलई. हा ऑटोइम्यून आजारांतला सर्वात फसवा. प्रतिकारशक्ती सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्त, कशावरही हल्ला करते. रुग्णांत दहापैकी नऊ बायका, तेही बहुधा मूल होण्याच्या वयातल्या. गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखा लाल डाग, उन्हात गेल्यावर पुरळ, तोंडात न दुखणारी जखम, बारीक ताप, सांधेदुखी, केस गळणे. आमच्याकडच्या सावळ्या कातडीवर लाल डाग लालसा दिसत नाही, काळपट किंवा जांभळट दिसतो, म्हणून तो वांग समजून सोडून दिला जातो. कातडीच्या चित्रांची पुस्तके गोऱ्या लोकांना पाहून बनलेली आहेत, आणि त्याची किंमत आपल्या बाया मोजतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ल्युपस जोरात असताना रक्तात एक ठरावीक चित्र दिसते: ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. सूज वाढवणारी रसायने हमालाचे काम मंदावतात. काही रुग्णांत तर खुद्द एलपीएलच्या विरुद्ध प्रतिपिंडे सापडली आहेत, म्हणजे हमालालाच शरीर शत्रू समजते. त्यात भर म्हणजे उपचार. ल्युपसला स्टेरॉइड द्यावे लागते आणि स्टेरॉइड स्वतः साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. हे वाचून कोणी स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करू नये. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर जिवावर बेतते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. ल्युपसमध्ये दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही गोळी चरबीच्या बाबतीत उलट मदतच करते, तिच्यासाठी डोळ्यांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी.

चौथे, मूत्रपिंडाचे. ल्युपसमुळे किंवा दुसऱ्या ऑटोइम्यून कारणाने मूत्रपिंडाची गाळणी फाटते आणि प्रथिने लघवीतून वाहून जातात. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर सूज, लघवीला साबणासारखा फेस. प्रथिने गेली की यकृत ती भरून काढण्यासाठी जास्त काम करते आणि सोबत चरबीच्या गाड्याही जास्त सोडते, आणि त्या रिकाम्या होण्याचे कामही मंदावते. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात. हे ओळखायला लघवीची साधी तपासणी पुरते, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. एवढी स्वस्त तपासणी न करता महागड्या तपासण्यांकडे धावू नका.

आता सर्वात दुर्मीळ पण समजायला सर्वात स्पष्ट कारण. २०१७ साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केले की काही रुग्णांच्या रक्तात त्या मुकादमाविरुद्धच, म्हणजे जीपीआयएचबीपी-१ विरुद्ध, प्रतिपिंडे असतात. हमाल तयार असतो, पण त्याला फाटकापर्यंत आणणारा कोणी उरत नाही. या रुग्णांचे ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे जाते, स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येते. त्यांतल्या काहींना ल्युपससारखा दुसरा ऑटोइम्यून आजारही होता. एका बाईच्या बाळालाही जन्मल्यावर ट्रायग्लिसराइड फार वाढलेले निघाले, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात गेली होती. ती उतरली तसे बाळाचे रक्त साफ झाले. यावरून प्रतिपिंडेच कारण आहेत हे ठळक झाले. अशा काही रुग्णांना प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी, उदाहरणार्थ रिट्युक्सिमॅबने, चांगला फरक पडला आहे. त्याआधी अशा माणसांना 'जन्मजात चरबीचा आजार' म्हणून आयुष्यभर नुसते तेल तोडायला सांगितले जाई. ही तपासणी गावच्या पॅथॉलॉजीत होत नाही, पण अशी गोष्ट असते हे माहीत असले तर मोठ्या दवाखान्यात प्रश्न विचारता येतो.

काही मुलींना ऑटोइम्यून कारणाने चेहऱ्याची, हातापायाची चरबीच नाहीशी होते, शिरा उठून दिसतात, आणि ठेवायला जागा नसल्याने चरबी रक्तात आणि यकृतात साठते. हे फार क्वचित.

मग शंका कधी घ्यायची? अंगाने बारीक, दारू नाही, साखर ठीक, तरी आकडा ५०० च्या वर. दोन वर्षांपूर्वीचा कागद अगदी ठीक आणि आता अचानक उडी. घरात इतर कोणाला नाही. गोळी नियमित घेऊनही फरक नाही. सोबत सांधेदुखी, पुरळ, सूज, केस गळणे, किंवा आधीचाच एखादा ऑटोइम्यून आजार. यातले काही जुळत असेल तर साखर, टीएसएच, लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी आधी करावी. त्यात उत्तर मिळाले नाही किंवा ल्युपसची लक्षणे असली तर एएनए. उगाच एएनए करू नये. धडधाकट माणसातही ती थोडी पॉझिटिव्ह येते आणि मग वर्षभर भीती. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना द्यावी. माला-एनसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या पाळणा गोळ्या ट्रायग्लिसराइड वाढवतात. आकडा फार वर असेल तर कॉपर-टीबद्दल विचारावे.

कागदावरची एक फसवणूकही सांगून ठेवतो. पुष्कळ ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. समजा कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ६२०. पाचवा भाग १२४. म्हणून एलडीएल ८१, आणि माणूस खूश. पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असले की हे गणित चालतच नाही. अशा वेळी एलडीएल थेट मोजून मागावे.

धोका कुठला, तर पोटाचा. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे असलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ आली, ती पाठीत गेली, उलट्या थांबत नाहीत, तर ती गॅस नाही. लगेच दवाखाना. सिकलसेलच्या घरांत पोटदुखीला 'क्रायसिस आली' म्हणून घरीच दुखण्याची गोळी देण्याची सवय असते. सिकलसेलमध्ये पित्ताचे खडे होतात आणि खड्यांनीही स्वादुपिंड सुजते, म्हणून अशी दुखणी अंगावर काढू नयेत. दवाखान्यात आधीचा ट्रायग्लिसराइडचा कागद दाखवा, कारण रक्त चरबीने भरलेले असताना अमायलेज ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. मग डॉक्टर लायपेज आणि स्कॅनकडे पाहतील. कोपर, गुडघे, नितंबांवर अचानक पिवळसर बारीक पुटकुळ्या उठल्या तरी हाच आकडा तपासावा.

ऑटोइम्यून कारण असले तरी ताटाकडे पाहावे लागतेच. आकडा हजाराच्या वर असेपर्यंत सगळेच तेल-तूप अगदी कमी, दिवसाला तीन-चार चहाचे चमचे, दारू शून्य, साखर आणि गोड पेये बंद. आकडा उतरल्यावर एवढा कडकपणा लागत नाही. भाताचा वाटा अर्धा करून लाखोळी सोडून इतर डाळी, अंबाडी, चवळी, शेवग्याची पाने वाढवावी. तळ्यातले मासे कालवणात खावे, तळून नाही. जवसाची चटणी चांगली, पण जवसातही तेल असते, म्हणून फार वाढलेल्या आकड्यात तीही मोजूनच. लाखोळी सोडा म्हटले ते चरबीमुळे नाही, पायाच्या लुळेपणामुळे. आपल्या भागात ती अजून खाल्ली जाते म्हणून आठवण केली.

मूल हवे असलेल्या बायकांनी एक लक्षात ठेवावे. गरोदरपणात ट्रायग्लिसराइड निरोगी बाईचेही दुप्पट-तिप्पट होते. आधीच ५०० असलेल्या किंवा ल्युपस असलेल्या बाईने दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण चरबीच्या आणि ल्युपसच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधी बदलाव्या लागतात. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या गरोदर बाईची नोंद उपकेंद्रात असावी आणि बाळंतपण घराजवळच्या लहान ठिकाणी न ठरवता गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली ठरवावे.

संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांचे तज्ज्ञ आपल्याकडे जवळ नाहीत, बहुधा नागपूर गाठावे लागते. शासकीय मेडिकलचे सुपर स्पेशालिटी आणि एम्स ही दोन्ही ठिकाणे तिथे आहेत. गाडीभाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते, म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. जुने सगळे लिपिड प्रोफाइल तारखेप्रमाणे लावा, टीएसएच आणि लघवीचा कागद, सिकलसेलचे कार्ड, गोळ्यांची पाकिटे, पुरळ आले होते त्या दिवशीचा मोबाइलवरचा फोटो, रेशन कार्ड आणि आधार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर भरती होण्याआधी विचारा. आदल्या रात्री आठला जेवून पाण्यावर निघा, म्हणजे सकाळी पोहोचल्यावर रक्त त्याच दिवशी देता येईल आणि दुसरी फेरी वाचेल. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी मात्र उपाशी प्रवास करू नये, त्यांनी रक्ताची वेळ आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी.